जैनबमावशीचं घुंगरू

शाहूपुरीतल्या त्या चाळीत आम्ही बिऱ्हाड केलं तेव्हा आमचं निम्मं सामान अजून दारातच होतं. एवढ्यात एक उंच, हडकुळी बाई सरळ स्वयंपाकघरात शिरली. नाव नाही, गाव नाही. कमरेवर हात ठेवून म्हणाली, "रॉकेल कुठं ठेवलंय?"

माझ्या बायकोनं, सुमननं, घाबरून स्टोव्हजवळच्या बाटलीकडं बोट दाखवलं. सरबताची जुनी बाटली होती ती. बाईनं बूच काढून हुंगली आणि माझ्याकडं असं बघितलं, जणू मला माझ्याच घरात चोरी करताना पकडलंय.

"पावणं, तहानलेला माणूस बाटली बघतो, वास न्हाई बघत. उद्या डबा आणा. तवर हे असू दे." कमरेच्या चंचीतून तिनं एक घुंगरू काढलं, बाटलीच्या गळ्यात दोऱ्यानं बांधलं, बाटली उंच फळीवर ठेवली आणि गेली.

ही जैनबमावशी. एकटीच राहायची. चाळीतल्या रॉकेल, फिनेल, ढेकणांचं औषध, मोरीचं ॲसिड अशा प्रत्येक बाटलीच्या गळ्यात तिचं घुंगरू असे. "अंधारात डोळं फसत्यात, कान न्हाई फसत," हे तिचं पालुपद. सकाळी मोऱ्या धुवायची वेळ झाली, की तमाशाचा फड उतरल्यासारखी चाळ छुमछुमायची. माझे सासरे गगनबावड्याहून आले, तेव्हा दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "जावईबापू, शेजार बरा आहे ना?"

सासऱ्यांनाही तिनं सोडलं नाही. येताना त्यांनी नृसिंहवाडीचं तीर्थ आणलं होतं. मावशीनं आधी पदराला हात पुसले, मग बाटली उचलून हुंगली.

"अहो, देवाचं तीर्थ आहे ते!" सासरे ओरडले.

"तीर्थ देवाचं, पण बाटली फिनेलची हाय की! देव तारंल, फिनेल न्हाई तारायचं."

बाटली खरंच फिनेलची होती. धुऊन घेतलेली होती म्हणे.

लोक वैतागायचे, हसायचे, पण घुंगरू कुणी काढत नसे. काढलं ते शेवटच्या खोलीतल्या बाबूरावनं. गडी तालमीतला, आवाज दांडगा. म्हातारी आई, गोदाक्का, आणि तो, दोघंच राहायचे. "घर हाय का बैलगाडी?" म्हणत त्यानं एका सकाळी सगळी घुंगरं कापून मावशीच्या दारात टाकली. मावशीनं ती वेचून चंचीत टाकली.

पुढं दिवाळीच्या साफसफाईसाठी बाबूरावनं दुकानातून सुटं ॲसिड आणलं. घरात रिकामी बाटली होती ती गोदाक्काच्या काढ्याची. त्यातच आणलं आणि कोनाड्यात ठेवलं. तिन्हीसांजेला दिवे गेलेले. म्हातारीच्या डोळ्यांत मोतीबिंदू. तिनं सवयीनं बाटली तोंडाला लावली.

ती किंकाळी आजही आठवते, कारण ती पुरती बाहेर आलीच नाही. मधेच तुटली.

आम्ही धावलो. म्हातारीचे ओठ पांढरे पडले होते. कुणीतरी मिठाचं पाणी पाजून उलटी काढायला निघालं, तेवढ्यात मावशी गर्दी फोडून आत घुसली.

"उलटी काढू नका! जाताना जाळलंय, येताना परत जाळंल! चूळ भरायला द्या निस्ती, आन् रिक्षा आणा!"

दवाखान्यात म्हातारीचा जीव वाचला. पण गळा आतून आवळला. पातळ पेजेखेरीज काही उतरेना. बाबूराव मावशीच्या दारात जाऊन उभा राहिला. तालमीतला गडी, पण खांदे पार पडलेले.

"मावशी, शिव्या घाला की मला."

"आईजवळ बस जा," मावशी म्हणाली.

रोज दोन्ही वेळा मावशी पेज घेऊन जायची. म्हातारीची हनुवटी कशी धरायची, चमचा कुठल्या बाजूनं घालायचा, ठसका यायच्या आधी कसं थांबायचं, सगळं तिच्या हाताला ठाऊक होतं. सुमननं एकदा विचारलं, "हे कुठं शिकलात?"

"माझ्या माणसावर," मावशी चमचा धुता धुता म्हणाली. "कल्हई करायचा. तेजाब, ह्येच ॲसिड, घरातच असायचं. एकदा पावणं येणार म्हणून मी घर आवरलं. चुलीपाशी नको म्हणून बाटली उचलली आन् पाण्याच्या मडक्याशेजारी ठेवली. मीच."

सुमननं तिच्या हातातला चमचा घेतला आणि पुसून ठेवला.

एका रविवारी आम्ही दोघं म्हातारीला बघायला गेलो होतो. शेजारी कुणाकडं तरी मटण शिजत होतं. वास खोलीभर पसरला होता. गोदाक्कानं पेजेचा चमचा हातानं बाजूला सारला.

"जैनब," ती फाटक्या आवाजात म्हणाली, "रस्सा दे की गं. थोडा."

मावशीच्या हातातली पेज सांडली.

"माझ्या माणसानंबी रस्सा असाच मागितला," ती आमच्याकडं न बघता म्हणाली. "रोज मागायचा. डॉक्टर नको म्हणाले म्हणून मी न्हाई दिला. जगावा म्हणून न्हाई दिला. तसाच गेला बघा."

मग ती उठली, शेजारून वाटीत रस्सा घेऊन आली. फुंकर घालून निववला, करंगळीचं टोक त्यात बुडवलं आणि म्हातारीच्या जिभेला नुसतं टेकवलं.

गोदाक्कानं डोळे मिटले. बाबूराव भिंतीकडं तोंड करून उभा होता.

"मीठ कमी हाय," गोदाक्का म्हणाली.

"व्हय आक्का, व्हय," म्हणत जैनबमावशी पदरात तोंड घालून रडायला लागली.