भाचीचं शिल्प आणि माझं खोकं

लाकडाच्या बाबतीत मला कुणी शिकवायला येऊ नये. तीस वर्षं सुतारकाम करतोय. दार नुसतं कुरकुरलं तरी त्याला कुठे दुखतंय ते मला शेजारच्या खोलीत कळतं. त्यामुळे भाचीने तिच्या पहिल्यावहिल्या शिल्पासाठी खोकं करून मागितलं, तेव्हा मी छाती फुगवून सांगितलं, की शिल्पाचं तू बघ, खोकं मी असं करतो की लोक बघत राहतील!

हेच वाक्य मला भोवलं.

भाची म्हणजे माझ्या ताईची मुलगी. कलेचं शिक्षण नुकतंच संपलेलं. नव्या कलाकारांच्या प्रदर्शनात तिची निवड झाली होती. तिथे काही झालं तर ठीक, नाहीतर ताईने तिला एका कचेरीत चिकटवायची सोय आधीच करून ठेवली होती. तीन महिने ही पोरगी माझ्या कारखान्यातले उरलेसुरले तुकडे आणि पाचरी पोत्यात भरून नेत होती. शेवटी एकदा शिल्प दाखवलं. टेबलाच्या उंचीचं, मध्येच वाकलेलं, चहूबाजूंनी तुकडे बाहेर आलेले. मी सभोवती फिरून पाहिलं आणि विचारलं, हे काय आहे. ती म्हणाली, "आई." मी आणखी एक फेरी मारली. ताई मला कुठेच सापडली नाही.

खोकं मात्र लाजवाब झालं. अस्सल सागवान. एकही खिळा नाही, कोपऱ्याचे दात एकमेकांत असे बसवले की पाणी भरलं तरी गळू नये. आतूनसुद्धा पॉलिश! बायको म्हणाली, लग्नानंतर पंचवीस वर्षांत माझ्या कपाटाच्या वाट्याला एवढं पॉलिश आलं नाही. मी ऐकलं नाही असं दाखवून खोक्यावर लाल रंगाने बाण काढला आणि लिहिलं, 'ही बाजू वर'. भाचीने आपलं नाव आणि शीर्षक लिहिलेली चिठ्ठी खोक्यावरच चिकटवली, हरवायला नको म्हणून.

उद्घाटनाच्या दिवशी सकाळी शिल्प खोक्यात घालून टेम्पोने पाठवलं. भाची ताईला आणायला जाणार होती, म्हणून चार वाजता जाऊन शिल्प बाहेर काढायचं काम माझ्याकडे होतं. पण एका गिऱ्हाइकाच्या कपाटाचं दार काही केल्या लागेना. मी पोचलो तेव्हा साडेपाच वाजून गेले होते.

दालनात शिरलो आणि जागीच थिजलो. मधोमध, चौथऱ्यावर, चारी दिव्यांच्या झोतात माझं खोकं! झाकण अर्धं उघडं. भोवती वीसेक माणसं, आणि एक दाढीवाले समीक्षक त्यांना ते समजावून सांगत होते. आई म्हणजे मुलं निघून गेल्यावर उरलेली पोकळी, असं त्यांचं म्हणणं होतं. अर्धवट उघडं झाकण म्हणजे तिचं वाट बघणं. 'ही बाजू वर' म्हणजे समाजाने तिला कसं उभं राहायचं ते शिकवणं. एक बाई डोळे पुसत होत्या.

मी तेव्हाच बोलायला हवं होतं. पण खोटं कशाला सांगू, मी दहा मिनिटं गप्प उभा राहून ऐकत होतो. तीस वर्षांत माझ्या कुठल्याही कपाटापुढे कुणी रडलं नव्हतं. म्हणजे, रडले होते, पण कारण वेगळं होतं. एकाने सांध्यांची तारीफ केली तेव्हा तर मी न राहवून सांगून टाकलं, की सागवान आहे, आतूनही बघा.

मग घड्याळाकडे लक्ष गेलं. भाची यायची वेळ झाली होती. मी व्यवस्थापक बाईंना बाजूला घेऊन विचारलं, की खोक्याच्या आत जे होतं ते कुठे आहे.

"पॅकिंग होय?" त्या म्हणाल्या. "फार उपयोगी पडलं. चहाच्या टेबलाचा एक पाय मोडला होता, तिथे लावलंय."

खरंच लावलं होतं. वर चहाचं भलंमोठं भांडं, आणि खाली भाचीची तीन महिन्यांची मेहनत, एका खांद्यावरून चहा ओघळतोय. मी ओढून काढणार, तेवढ्यात दारातून भाची आणि ताई आत आल्या. भाचीने चौथऱ्याकडे पाहिलं. चेहरा पांढराफटक. सरळ माझ्यापाशी आली.

"मामा, माझी आई कुठे आहे?"

बाई गोंधळून म्हणाल्या, तुमच्या मागेच तर उभ्या आहेत. मी मान खाली घालून टेबलाकडे बोट दाखवलं. मला वाटलं, आता पोरगी रडणार आणि ताई माझा कान धरणार.

पण ताई टेबलाजवळ गेली. गुडघे दुखत असूनही खाली वाकून तिने ते शिल्प बराच वेळ पाहिलं. घरी भाचीने दाखवलं होतं तेव्हा म्हणे तिने नुसतं 'छान' म्हणून कुकर बंद केला होता.

"हे मात्र माझ्यासारखं आहे," ताई म्हणाली. "पाय कुणाचाही मोडो, खाली मलाच उभं करतात."

माझा हात मोडला तेव्हा सहा महिने माझं घर ताईने ओढलं होतं. पदराने चहा पुसू पाहणाऱ्या आईचा हात भाचीने धरला आणि सांगितलं, की आता हे इथून हलवायचं नाही. चहाचं टेबल प्रदर्शनात येत नाही, असं बाई म्हणत होत्या. भाचीने खोक्यावरची चिठ्ठी सोलून काढली आणि टेबलाच्या कोपऱ्याला चिकटवली. हळूहळू सगळी गर्दी तिकडे सरकली. समीक्षकही गेले, वाकले, आणि वही काढून भाचीचं नाव लिहून घेतलं. भाचीची कचेरी त्या दिवशी टळली.

माझं खोकं चौथऱ्यावरून उतरवून भिंतीशी ठेवलं होतं. मी जवळ जाऊन पाहिलं, तर आत चहाचे रिकामे कागदी कप पडलेले. तेवढ्यात समीक्षक आले आणि आपलाही कप टाकला.

"अहो, सागवान आहे," मी म्हणालो.

"हो ना," ते म्हणाले, "आणि झाकणही आहे. कचऱ्याच्या डब्याला झाकण हवंच."

मी आपलं मुकाट्याने झाकण लावलं.