घरभर चिठ्ठ्या

घरातल्या प्रत्येक वस्तूला एकेक जर्मन चिठ्ठी चिकटवायची, एवढंच मी ठरवलं होतं. यात कुणाचं काय वाईट होणार होतं, सांगा!

दुसऱ्या दिवशी तोंडी परीक्षा. पास झाले तरच रजेनंतर माझं भाषांतराचं टेबल मला परत मिळणार. आणि माझं घोडं अडलं होतं क्रियापदांपासून होणाऱ्या विशेषणांपाशी. उकळणारं, उकळलेलं, वाळत घातलेलं! वर त्या लोकांची हौस अशी, की तेच विशेषण उचलून माणसाचं नाम करायचं. मग मीही केलं. दोरीवर ‘वाळणारे’, पाळण्यावर ‘झोपलेली’ (ही चिठ्ठी सतत खोटी पडत होती) आणि सोफ्यावर नवऱ्याच्या शर्टाला ‘लोळणारा’.

“काय लिहिलंयस?”

“कष्ट करणारा.”

“बघ आई, जर्मन लोकांना तरी कदर आहे!”

तेवढ्यात ‘तापणारं’ दूध ओट्यावर आलं. मी चिठ्ठी फाडून नवी लावली : ‘उतू गेलेलं’.

“अगं, आधी पूस ते!” सासूबाई कडाडल्या. “वर्णन कसलं करतेस?”

सकाळी निघताना छोटी खांद्यावरून उतरेना. ओट्याशी तिच्या मुठीत काय काय आलं, ते बघायला वेळ कुणाला होता?

परीक्षकबाई म्हणाल्या, “मागच्या भिंतीवरच्या चित्राचं वर्णन करा.” मी वळले, तर फिस्सकन हसू! पुन्हा वळले, पुन्हा हसू. आता मात्र माझं डोकं फिरलं. बाळ झोपू देत नाही, दूध थांबत नाही, नवरा हलत नाही, तरी मी अभ्यास करते, यात हसण्यासारखं काय आहे? असं सगळं मी त्यांना जर्मनमध्ये सुनावलं. (आयुष्यात पहिल्यांदाच न अडखळता.) बाईंनी उठून माझ्या पाठीवर हात ठेवला. जरा जास्तच वेळ.

“अशी वागणूक!” घरी येऊन मी बॅग आपटली. “मी तक्रार करणार आहे!”

“वळ बघू,” नवरा म्हणाला आणि त्याने माझ्या पाठीवरून चिठ्ठी सोलून काढली. माझ्याच अक्षरात : उतू गेलेलं. शेजारी लाल शाईत बरोबरची ठसठशीत खूण. सबंध परीक्षेत माझं नक्की बरोबर आलेलं एवढंच.

“म्हणजे काय गं?”

“कष्ट करणारी,” मी म्हणाले.

सासूबाईंनी चिठ्ठी नाकाशी नेली.

“हिला तर दुधाचा वास येतोय.”