गावंडे काकांचे अठरा होल

गावंडे काकांनी आयुष्यात कधी गोल्फची काठी हातात धरलेली नाही. गोल्फचं मैदानही त्यांनी प्रत्यक्ष पाहिलेलं नाही. पण कॅनडातल्या एका लहानशा गावातल्या मैदानाचे अठराच्या अठरा होल कसे खेळायचे, हे ते तुम्हाला अमरावतीत, बडनेरा रोडवरच्या आपल्या ओट्यावर बसून सांगू शकतात. ऐकणाऱ्याला मधेच उठायची सोय नसते. मी त्यांचा वरच्या मजल्यावरचा भाडेकरू, त्यामुळे मला तर मुळीच नाही.

काका भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीदार होते. निम्मी नोकरी अकोल्यात, निम्मी अमरावतीत. जन्मभर लोकांची वावरं मोजली, त्यामुळे जगातल्या कुठल्याही जमिनीकडे ते आधी तिचा धुरा, म्हणजे हद्द, कुठे आहे या नजरेनं बघतात. मोजणीत त्यांनी कुणाची भीड ठेवली नाही. सख्ख्या साल्यानं शेजाऱ्याच्या वावरात दीड हात धुरा सरकवलेला निघाला, तर यांनी तो तसाच नकाशावर दाखवला. पुढची चार वर्षं काकींच्या माहेरी यांना कुणी जेवायला बोलावलं नाही. यांना त्याचं काही वाटलंही नाही.

गोल्फ घरात आला तो मुलामुळे. प्रशांत कॅनडात नोकरीला. काकी त्याच्याशी फोनवर तासभर बोलत आणि शेवटी फोन काकांच्या हातात देत. काका विचारत, जेवला काय. तो हो म्हणे. थंडी हाय काय. आहे. मग दोघंही काकी फोन परत कधी घेतात याची वाट बघत. अशाच एका अडलेल्या क्षणी प्रशांत बोलून गेला की, ऑफिसची मंडळी त्याला गोल्फला नेतात आणि चौथ्या होलवर त्याचा चेंडू दर वेळी तळ्यात जातो.

तळं कोणत्या बाजूला, काकांनी विचारलं. डावीकडे. किती अंतरावर? ते काही प्रशांतला सांगता येईना. तळ्याचं अंतर माहीत नसताना माणूस तळ्याच्या दिशेनं चेंडू मारतो, हे काकांच्या पचनी पडेना. त्यांनी मैदानाचा नकाशा मागवला. मी तो झेरॉक्सवाल्याकडून मोठा करून आणला आणि तो टीव्हीच्या वर भिंतीवर लागला.

मग एक वही झाली. एका होलला एक पान. चौथ्या पानावर लिहिलेलं होतं, 'डावीकडे तळं. उजवीकडे रान, ते हद्दीबाहेर. लहान काठी घ्यावी. लालच करू नये.' सातवा होल अर्ध्यावर उजवीकडे वळतो. तिथं, 'कोपऱ्यावरची झाडं ओलांडायला जाऊ नये. वळणापाशी थांबावं, झेंडा दिसेल मग बघावं.' अकराव्यावर वाळूचे तीन खड्डे. 'मधला सगळ्यात बदमाश.'

सातव्याचं वळण नकाशावर नीट उमगेना, म्हणून काकांनी शेजारच्या रिकाम्या प्लॉटवर पांढरी फक्की टाकून ते आखलं. मला कोपऱ्यावरचं झाड म्हणून उभं केलं. छत्रीच्या मुठीनं त्यांनी रबरी चेंडूला एक टोला दिला. चेंडू मागच्या मागे गेला आणि नालीत पडला. काकी दारातून सगळं पाहत होत्या. म्हणाल्या, "दारातला कुत्रा हाकलता येत नाही याईले, अन् पोराले टोले शिकवून राहिले."

काका शांतपणे छत्री झटकत म्हणाले, "मारणं त्याचं काम हाय. कुठं मारू नये ते सांगणं माहं."

रविवारी सकाळी सात वाजता फोन येई. तिकडे शनिवारची संध्याकाळ असे. काका आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून नकाशासमोर बसत. प्रशांत एकेका होलचा हिशोब देई आणि काका लाल पेन्सिलीनं खुणा करत. चूक झाली की रागावत, पण त्या रागावण्यातही मजेत असत. काकींना आता शेवटची पाच मिनिटं मिळत.

या फेब्रुवारीत प्रशांत अकोल्याला चुलत बहिणीच्या लग्नाला आला. मीही त्या लग्नाला गेलो होतो. परतताना काका-काकी पाहुण्यांच्या गाडीतून पुढे गेले. मी आणि प्रशांत माझ्या गाडीत मागे राहिलो. मूर्तिजापूरला चहाला थांबलो, तेव्हा तो कपाकडे बघत म्हणाला, "दादा, मी मागच्या उन्हाळ्यापासून गोल्फ खेळत नाही."

नोकरी बदलली होती. नव्या ऑफिसात कुणी खेळत नव्हतं, आणि त्याला तरी कुठे आवड होती? काठ्या त्यानं विकून टाकल्या. पण शनिवार आला की तो नकाशा पुढ्यात घेऊन बसे, कुठला चेंडू कुठे गेला ते ठरवी आणि मग फोन लावी. अधूनमधून एखादा मुद्दाम वाळूत टाकी. सगळं सरळ गेलं म्हटलं की बाबा हिरमुसतात, असं त्याचं म्हणणं. बाबांना सांगू नका, एवढं त्यानं माझ्याकडून कबूल करून घेतलं. मी कबूल केलं आणि उरलेला रस्ताभर मला उगाच अपराध्यासारखं वाटत राहिलं.

तो परत गेल्यावर तिसऱ्या की चौथ्या दिवशी दुपारी काकांनी मला ओट्यावर बसवून घेतलं आणि विचारलं, मूर्तिजापूरले प्रशांत काय म्हणे? मी नोकरीबद्दल, हवेबद्दल काहीबाही सांगितलं. काकांनी ते ऐकून घेतलं. मग खिशातून फोन काढून माझ्यासमोर धरला. प्रशांतच्या गावचं हवामान होतं ते. उणे चौदा, बर्फ.

"रोज सकाळी पायतो मी," ते म्हणाले. "दिवाळीनंतर तिथं गुडघाभर बर्फ हाय. आधीच्या दोन हिवाळ्यात मैदान बंद झालं म्हणून यानंच सांगितलं होतं. औंदा बंद करायचं इसरला."

मला हसावं की काय करावं कळेना. मी विचारलं, मग तुम्ही त्याला काही बोलला का नाहीत?

काकांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला.

"आठवडाभर राबते बिचारा," ते म्हणाले. "तरी माह्यासाठी अठरा होल हिंडून येते."

पुढच्या रविवारी मी मुद्दाम सातला खाली गेलो. काका नकाशासमोर बसले होते, फोन स्पीकरवर होता. प्रशांत सोळाव्यावर पोचला होता. दरीवरून थेट मारला बाबा, तो सांगत होता, आणि दोनच टोल्यांत संपवला.

"वारा कुठून होता?" काकांनी विचारलं.

"समोरून."

काका नकाशावरच्या सोळाव्या होलकडे पाहत राहिले. त्या मैदानावर त्या दिवशीही बर्फ होता. फोन जरा जवळ ओढून ते हळूच म्हणाले, "शाबास, बेटा."

बराच वेळ दोघांपैकी कुणी फोन ठेवला नाही.