बिनमानेची राणी

“स्लीव्हलेस म्हणजे?” सासरेबुवांनी विचारलं.

“बाह्या नसलेला,” मशिनवरचा पाय न थांबवता काकू म्हणाल्या. “हे काय विचारणं झालं, मामंजी? वीस वर्षं शिवतेय मी.”

“होमलेस?”

“घर नसलेला.”

“केअरलेस?”

इथे मशीन थांबलं. काकूंनी दोरा दातांनी तोडला, थोडा विचार केला आणि म्हणाल्या, “केर न काढलेला.”

सासरेबुवांनी खोलीभर पसरलेल्या चिंध्यांवरून नजर फिरवली. “उत्तर चुकलं, सूनबाई. पण उदाहरण अगदी समोरचं घेतलंस.”

सासरेबुवा चाळीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवून घरी बसले होते. शब्द पाठ करायचे नाहीत, शब्दाची शेपटी धरायची, ही त्यांची पद्धत. शेवटी ‘फुल’ आलं की भरलेलं, ‘लेस’ आलं की वजा. चाळीस वर्षं पोरं या शेपट्या धरून पास झाली होती. आता घरात शिकणारं माणूस एकच होतं, आणि ते पन्नाशीचं असलं तरी वर्गातल्या कुठल्याही पोरापेक्षा चिवट होतं.

चिवटपणाला कारणही तसंच होतं. शिवायच्या त्या काकू, पण ऑर्डरीची वही मात्र काकांच्या ताब्यात. फोन काका घेत, मापं काका लिहीत, आणि काकूंनी वही मागितली की म्हणत, “अगं, हल्ली सगळं इंग्रजीत असतं. बोटनेक, फुलस्लीव्ह, काय काय. तुझा गोंधळ होईल. तू आपलं शिव.”

ते ‘तू आपलं शिव’ काकूंना सुईसारखं टोचलं होतं. त्याच दिवशी त्यांनी सासरेबुवांची शिकवणी लावली.

आणि मंगळवारी काका बाहेर गेले असताना फोन वाजला. शाळेतल्या नाटकाच्या बाई बोलत होत्या. मुलांचं नाटक होतं, भाज्यांच्या राज्याचं. चाळीस पोशाख हवे होते. पण आधी एक नमुना बघायचा होता, तो पसंत पडला तर बाकीचे एकोणचाळीस काकूंकडेच.

“भोपळाराणीचा ड्रेस करा,” बाई घाईघाईने म्हणाल्या. “केशरी, गोल, नेकलेस. शनिवारी दुपारी येते. आणि काकू, नेकलेस विसरू नका हं! सगळी शोभा त्यातच आहे.”

काकूंनी वहीत स्वतःच्या हाताने लिहिलं : केशरी. गोल. नेकलेस.

नेकलेस म्हणजे गळ्यातला दागिना, हे त्यांना लहानपणापासून ठाऊक होतं. धाकट्या बहिणीकडे एक होताही. पण लहानपणी इंग्रजी कुठे येत होतं? तेव्हाचं समजणं ते काय समजणं! काकू सासरेबुवांच्या खोलीत गेल्या. आयतं उत्तर विचारायचं नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. विचारायचा तो फक्त नियम.

“मामंजी, तुमच्या त्या ‘लेस’ला अपवाद असतो का हो?”

“माझ्या नियमाला?” सासरेबुवांना प्रश्न जरा लागलाच. “चाळीस वर्षांत एक पोरगं अपवाद घेऊन आलं नाही.”

“आणि नेक म्हणजे?”

“मान. का गं?”

“काही नाही,” म्हणत काकू परतल्या. नेक म्हणजे मान, लेस म्हणजे वजा. राणीला मान नको. आणि विचार करावा तितकं ते पटतच गेलं. भोपळ्याला कुणी कधी मान पाहिली आहे? शोभा त्यातच आहे, असं बाई म्हणाल्या त्या काय उगीच?

मान नसलेला पोशाख शिवणं मात्र सोपं नव्हतं. आयुष्यभर काकूंनी कपडा कापताना आधी गळा काढला होता. आता गळाच नाही म्हटल्यावर कात्री कुठून लावायची, इथून तयारी. त्यांनी जुन्या पडद्याचं अस्तर लावलं, आकार टिकावा म्हणून आत तारेची तीन कडी बसवली, डोळ्यांसाठी दोन भोकं ठेवली, तोंडापुढे जाळी लावली, बाजूंना हात बाहेर काढायला फटी ठेवल्या आणि खाली जाड इलॅस्टिक ओवलं. दोनदा उसवलं, तिसऱ्यांदा जमलं. शनिवारी दुपारी खोलीच्या मधोमध केशरी भोपळा उभा होता, डोक्यावर हिरव्या देठासकट.

काका त्याच्याभोवती एक फेरी मारून आले. “अगं, याला गळा कुठाय?”

“नाही.”

“मग डोकं घालायचं कुठून?”

“खालून.”

“आणि बाहेर कुठून काढायचं?”

“काढायचंच नाही. आत ठेवायचं. ऑर्डरच तशी आहे. तुम्हाला इंग्रजी येतं ना? नेकलेस म्हणजे काय, सांगा बघू.”

“हार,” काका म्हणाले.

काकू कीव आल्यासारख्या हसल्या. “शेपटी बघा शब्दाची. बरं, आता जरा गुडघ्यांवर बसा. राणी होणारी मुलगी साधारण तेवढीच असेल. मला घालून बघायचाय.”

काका आत तर गेले, पण बाहेर येईनात. मधलं कडं त्यांच्या पोटाखाली अडकलं, आणि खालचं इलॅस्टिक काकूंनी फारच मनापासून ओवलं होतं. काकू देठ धरून वर ओढत होत्या, सासरेबुवा खालून “श्वास सोड, श्वास सोड” म्हणत होते, आणि नेमक्या त्याच वेळी दारात नाटकाच्या बाई उभ्या राहिल्या. सोबत आठ वर्षांची एक मुलगी, ओठ घट्ट मिटलेली.

“नमस्कार,” भोपळा म्हणाला.

बाई एक पाऊल मागे सरकल्या. मग सावरून म्हणाल्या, “ड्रेस छान गोल झालाय, काकू. पण नेकलेस कुठंय?”

“हा काय. नेकलेसच आहे.”

“मला दिसत नाहीये.”

“कसा दिसेल? मानच नाही ठेवली!”

“राणीला मानच नाही?”

“या घरात मला तरी कुठंय?” आतून आवाज आला.

“अहो, मी हार म्हटलं होतं! मोत्यांचा! गळ्याभोवती शिवलेला!” बाईंनी कपाळाला हात लावला.

काकूंनी सासरेबुवांकडे पाहिलं. सासरेबुवा खाली बसले ते बसलेच. “सूनबाई, ते लेस निराळं. स्पेलिंग वेगळं, अर्थ वेगळा, उच्चार तेवढा सारखा.”

“मग तुम्ही अपवाद नाही का म्हणालात?”

“चूक माझी आहे,” सासरेबुवा म्हणाले. “चाळीस वर्षं पोरांनी नियम नुसता पाठ केला. मनापासून पाळणारी तूच पहिली. त्यामुळे अपवाद कधी सापडलाच नाही.”

बाईंनी घड्याळ पाहिलं. “काकू, वाईट वाटून घेऊ नका. मी ही ऑर्डर बाजारातल्या दुकानात देते. वेळ थोडा आहे.”

“थांबा.” काकूंनी कात्री उचलली. “अर्ध्या तासात मान काढून देते.”

“अगं, आधी मला काढ!” काका ओरडले.

काकूंनी इलॅस्टिक कापलं. केशरी दोरे डोक्यावर घेऊन काका बाहेर घरंगळले. काकूंनी भोपळ्यावर खडूने गळ्याचा गोल आखला आणि कात्रीचं टोक टेकवलं.

“कापू नका!”

ओठ मिटलेली मुलगी ओरडली होती, आणि ओरडताना तिच्या पुढच्या दातांची जागा रिकामी दिसली. दोन दात पडले होते, तेही अगदी मधले. तिने झटकन तोंडावर हात धरला, भोपळ्याखाली शिरली आणि दिसेनाशी झाली. मग जाळीतून असा खणखणीत आवाज आला की सासरेबुवांनी चष्मा धरला.

“ऐका, प्रजाजनहो! या राज्यात कुणी कुणाला नावं ठेवायची नाहीत! मुळ्याने कांद्याला हसायचं नाही आणि कांद्याने कुणाला रडवायचं नाही!”

भोपळा खोलीभर फिरला, वळला, लवून मुजरा करून थांबला. काकांनी नकळत टाळ्या वाजवल्या.

बाई खुर्चीवर टेकल्या. “दोन आठवडे झाले. दात पडल्यापासून हिने तोंड उघडलं नव्हतं. सगळे बघतील म्हणून. आज मी राणीच बदलणार होते.” त्यांनी डोळे टिपले. “काकू, मी अगदी स्पीचलेस झाले.”

सासरेबुवांनी काळजीने सुनेकडे पाहिलं. काकूंनी मनातल्या मनात शेपटी धरली, स्पीच म्हणजे भाषण, लेस म्हणजे वजा, आणि एकदा नीट पडताळूनही पाहिलं.

“नकोच भाषण, बाई,” त्या म्हणाल्या. “तुम्ही एकोणचाळीस भाज्या सांगा.”

बाई हसत सांगू लागल्या. काकांनी वही उघडली, खिशातलं पेन काढलं, टोपण उघडलं आणि थबकले. मग वही आणि पेन दोन्ही काकूंपुढे ठेवून ते गुडघ्यांवर बसले आणि कापलेलं इलॅस्टिक शोधू लागले.