मैनाची पट्टी

परदेशात तीन महिने राहून आलेल्या माणसाला इतिहास होतो. (त्यावर औषध नाही.) खराडीच्या मथुराबाईंचा मच्छिंद्र ऑस्ट्रेलियात लेकीकडे राहून आला आणि त्यालाही झाला. आल्यापासून आईला 'कशी आहेस' विचारायच्या आधी तो सन सांगायचा.

लेकीचं गाव बरांगूल. सदर गावाची वस्ती तीनशे बारा, मेंढ्या वेगळ्या. तरी गावाला संग्रहालय, आणि त्यात काचेमागे नांगर! मच्छिंद्रने त्याच्याशेजारी उभं राहून फोटो काढून घेतला. (घरचा नांगर त्यानेच हडपसरच्या भंगारवाल्याला दिला होता. काच नव्हती म्हणून असेल.)

रविवारी सोसायटीच्या हॉलमध्ये त्याचं व्याख्यान ठेवलं. सोसायटी उभी आहे मथुराबाईंच्याच रानावर. रानाचं नाव मैनाची पट्टी. मैना म्हणजे त्यांची सासू. तिथली विहीर बांधायला तिने डोक्यावरून दगड वाहिले. (विहिरीवर आता पार्किंग आहे. पाणी रोज नऊ टँकर.) फाटकावरच्या नव्या फलकात ते नाव घाल, म्हणून मथुराबाई आठवडाभर मच्छिंद्रच्या मागे होत्या. पण मच्छिंद्र सोसायटीचा अध्यक्ष. अध्यक्ष आईचं ऐकू लागले तर लोकशाही कशी टिकायची?

"अठराशे एकाहत्तर साली एका गोऱ्याच्या गाडीचं चाक तिथे मोडलं. ते दुरुस्त होईना, म्हणून गाव वसलं," मच्छिंद्र सांगू लागला. एकोणीसशे सव्वीसला रेल्वे आली, चौऱ्याहत्तरला गेली. त्यानंतर काही घडलं नाही, ते त्याने अर्धा तास सांगितलं.

"त्या गोऱ्याआधी तिथे कोणीही नव्हतं. नुसतं माळरान! आणि बरांगूल म्हणजे तिथल्या मूळ लोकांच्या भाषेत गोडं पाणी."

टाळ्या पडल्या. मागच्या खुर्चीवरून मथुराबाई म्हणाल्या, "कोणीच नव्हतं, तर नाव कोणी ठिवलं रं?"

"आई, प्रश्न शेवटी."

शेवटी प्रश्न झाले नाहीत, फलकाचं अनावरण झालं. काळा ग्रॅनाइट, सोनेरी अक्षरं. दुसरीपर्यंत शिकलेल्या मथुराबाईंनी बोट फिरवत एकेक अक्षर जुळवलं: 'एव्हरग्रीन हाइट्स. स्थापना २००९. त्यापूर्वी येथे मोकळी जागा होती.'

एकशे चौऱ्याऐंशी फ्लॅटवाल्यांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. मथुराबाई त्या थांबेपर्यंत थांबल्या.

"मच्छिंद्रा, त्या गोऱ्यांनी माणसं पुसली, पण नाव तरी ठिवलं. तू आज्जीचं तेवढंबी ठिवलं न्हाईस. आता कोणी इचारलं, कुठला हाईस रं तू, तर सांग, मोकळ्या जागेचा. अन् ह्या टाळ्यावाल्यांकडनंबी पाठ करून घे."