चंद्रकेतला मी मारलं

खंडेरावअण्णा चिकपेटच्या दुकानात गिऱ्हाइकासमोर साडीचा पदर उलगडता उलगडता मध्येच थांबायचे आणि विचारायचे, "अक्का, चार दिवस झोपलं नाही तर आधी काय थरथरतं? बोटं की पापण्या?"

बाई नवऱ्याकडे बघायची. नवरा दाराकडे बघायचा. अण्णा शांतपणे साडीची घडी घालत, या कानडी शहरातल्या सगळ्यांसारखे मराठीत कानडी मिसळून म्हणायचे, "सरी, आठवलं तर सांगा. स्वल्प तपशील पाहिजे होता."

हा तपशील त्यांना लखलखीसाठी लागायचा. लखलखी म्हणजे मेरुखंड नावाच्या राज्यात डोंगरावर उगवणाऱ्या शेवाळाची निळी पूड. चिमूटभर जिभेखाली ठेवली की विणकर सात दिवस मागावरून उठत नाही. राजाला भरजरी वस्त्रांची घाई, म्हणून ती राजवाड्यातूनच वाटली जायची. मेरुखंड नकाशात शोधू नका. ते अण्णांच्या डोक्यात होतं आणि दर महिन्याला आमच्या मराठी मंडळाच्या हस्तलिखितात थोडं थोडं उतरायचं.

त्या हस्तलिखिताचा संपादक मी. ही गोष्ट नव्वदच्या दशकातली. माझं अक्षर बरं, एवढीच माझी पात्रता. सगळ्यांचं लेखन मी स्वतः एका वहीत उतरवून काढायचो आणि मूळ कागद रद्दीत टाकायचो. प्रत एकच. मुखपृष्ठाच्या आत चौदा घरांची यादी चिकटवलेली. प्रत्येकाने वही दोन दिवस ठेवायची, शेवटच्या पानांवर अभिप्राय लिहायचा आणि पुढच्या घरी पोचवायची. चौदावं घर बोम्मसंद्र्याला, सगळ्यात लांब. तिथे अण्णांचा धाकटा भाऊ रघू कारखान्यात कामाला होता आणि एका खोलीत एकटाच राहत होता.

मंडळात लखलखीने धुमाकूळ घातला होता. मुलं पिठीसाखर जिभेखाली धरून अंगणात सैरावैरा पळायची. एका बाईंनी अभिप्रायात लिहिलं होतं, "घरी बारसं आहे. लखलखी कुठे मिळेल?" अण्णांनी त्याखाली गंभीरपणे उत्तर लिहिलं, "नको अक्का. पहिल्या दोन चिमटी माणूस खातो. तिसरीपासून चिमूट माणसाला खाते."

उडप्याच्या हॉटेलात ते हेच मोठ्याने बोलायचे. "सार, सोडताना नवव्या दिवशी फार वाईट असतं. अंगात मुंग्या. माणूस आईलाही ओळखत नाही." शेजारच्या टेबलावरचा माणूस आपली कॉफी उचलून दुसरीकडे जाऊन बसायचा. मी लाजून डोशात तोंड खुपसायचो.

कथेचा नायक चंद्रकेत नावाचा विणकर. त्याला लखलखी लागली आणि पुढे चार महिने अण्णांनी ती त्याच्याकडून सोडवली. काय ते हाल! शेवटच्या प्रकरणात मात्र काहीच घडत नव्हतं. चंद्रकेत झोपला. कुशीवर वळला. पुन्हा झोपला. दोन पानं नुसता झोपला होता!

मला ते फार बाळबोध वाटलं. शिवाय शोकांतिका म्हणजे खरं साहित्य, असं माझं त्या काळी ठाम मत होतं. ती दोन पानं मी गाळली आणि त्या जागी स्वतःचा अर्धा परिच्छेद घातला. त्यात 'क्रूर नियतीने' चंद्रकेतला मागावरच गाठलं आणि त्याचं निष्प्राण मस्तक अर्धवट शेल्यावर कोसळलं. अण्णांना विचारलं नाही. आपण लिहिलेलं पुन्हा ते कधी वाचायचे नाहीत, हे मला माहीत होतं.

बारा घरं रडली. पण अण्णांना कोणी बोललं नाही, कारण बोलायला गेलं की ते पापण्यांबद्दल विचारणार, ही सगळ्यांना धास्ती. तेराव्या घरच्या मालतीबाई मात्र साडी घ्यायला गेल्या आणि म्हणाल्या, "का हो अण्णा, कशाला मारलंत त्या बिचाऱ्याला? आत्ता सकाळी वही बोम्मसंद्र्याला पाठवली. ह्यांचा कारखाना तिकडेच ना."

अण्णा दुकानातून उठले ते गळ्यात टेप तसाच ठेवून थेट माझ्या ऑफिसात आले. चेहरा पांढराफटक. मी साहित्यावर दोन शब्द बोलायच्या तयारीत होतो. त्यांनी तोंडच उघडू दिलं नाही.

"सार, चूक झाली. मागे एकदा रागाच्या भरात मीच त्याला मारलं होतं. ते पान फाडलं असं वाटत होतं. तेच तुमच्याकडे आलं वाटतं."

मी म्हणालो, "असेल."

एवढाच शब्द. आयुष्यात याहून मोठं पाप मी केल्याचं मला आठवत नाही.

बसमध्ये त्यांनी सगळं सांगितलं. रघू दोन-दोन पाळ्या करायचा आणि जागं राहायला गोळ्या घ्यायचा. मग गोळ्यांशिवाय उभं राहता येईना. एकदा यंत्रावरच कोसळला, थोडक्यात हात वाचला. डॉक्टर, देव, शिव्या, सगळं झालं. ऐकायचा तो फक्त चंद्रकेतचं.

"म्हणतो, तो सोडतोय तर मी पण सोडतो. पंचेचाळीस दिवस झाले सार, एक गोळी नाही. झोप मात्र येत नाही त्याला. म्हणाला, चंद्रकेत झोपला की मी पण झोपेन. म्हणून तर झोपवलं होतं." अण्णा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "आता तो वाचेल की सोडणारा मरतो."

बोम्मसंद्र्याला जाणारा होसूर रस्ता मला तेव्हा जितका लांब वाटला तितका पुन्हा कधी वाटला नाही.

खोलीचं दार आतून बंद होतं. अण्णांनी कडी वाजवली. हाका मारल्या. "रघू! ए रघू!" काही नाही. घरमालकीण बाहेर आली. अण्णा कडी वाजवतच राहिले. मी दाराला कान लावला.

आतून घोरण्याचा आवाज आला. चांगला खणखणीत, कानडी-मराठी दोन्ही लोकांना कळेल असा.

अण्णा तिथेच पायरीवर मटकन बसले. "घोरतोय," ते घरमालकिणीला म्हणाले, "माझा भाऊ घोरतोय हो अक्का!" ती बाई घाबरून आत गेली.

बऱ्याच वेळाने रघूने दार उघडलं. गालावर चटईचे वळ. "अण्णा? दुकानाला आग लागली काय?"

"वही वाचलीस?"

"वाचली की. शेवट अगदी भिकार आहे. वाचता वाचताच डोळा लागला."

माझ्या साहित्यावर एवढी खरी टीका पुन्हा कोणी केली नाही, आणि ती ऐकून एवढा आनंदही मला पुन्हा कधी झाला नाही.

"पण ते तू लिहिलेलं नाहीस," रघू म्हणाला. "क्रूर नियती वगैरे तू कधी म्हणतोस?"

"मीच रे. जुनं पान होतं. माफ कर."

रघूने माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरचं कॅलेंडर अतिशय लक्षपूर्वक वाचू लागलो.

रघू बरा झाला. पुन्हा गोळीला शिवला नाही. पण अण्णांनी त्यानंतर एक ओळ लिहिली नाही. मी आग्रह केला की म्हणायचे, "नको सार. माझ्या हातातून काय निसटेल, भरवसा नाही." आणि मी गप्प बसायचो. असा मी वर्षानुवर्षं गप्प बसलो.

गेल्या महिन्यात अण्णांच्या घरी गेलो आणि सांगून टाकलं. अण्णा ऐंशीच्या पुढचे. रघू निवृत्त होऊन त्यांच्याकडेच राहतो. शिव्या खायच्या तयारीने मी मान खाली घालून बसलो होतो.

अण्णांनी सगळं ऐकून घेतलं. मग स्वयंपाकघराकडे वळून ओरडले, "रघू! ऐकलास काय? ते मी नव्हतो रे! तुझं मरण मी नव्हतं लिहून पाठवलं!"

"मी तेव्हाच सांगितलं होतं अण्णा," आतून आवाज आला.

अण्णांनी माझा हात घट्ट धरला. त्यांचे डोळे वाहत होते, पण पुसायचं त्यांना सुचत नव्हतं.

"पुन्हा सांगा सार," ते म्हणाले. "तो हात पुसून बाहेर येऊ दे, मग सांगा."

रघू बाहेर येऊन बसला. मी पहिल्यापासून पुन्हा सांगितलं.