दीड दिवसाचं बाळ

"प्लास्टर? माझ्या वर्गात? शक्यच नाही!"

चित्रकला शिकवणाऱ्या वृषालीने हे मुख्याध्यापिका सिस्टर फिलोमिनांना इतक्या ठसक्यात सुनावलं, की नोकरी पक्की व्हायची बाकी आहे हे तिचं तीच विसरली. नाताळचा गोठा मातीचाच होणार! मेरी, जोसेफ, तीन राजे, मेंढ्या आणि गव्हाणीतलं बाळ, सगळं दुसरीची मुलं हातांनी करणार. भाद्रपदात तिने घरचा गणपती स्वतः घडवला होता, त्यातली गंगेची माती गोणभर उरली होती. आणि मराठी मंडळातल्या मीनाकाकूंनी प्लास्टरचा गणपती आणला म्हणून त्यांच्याशी ती अजून धड बोलत नव्हती. बाई मातीच्या बाबतीत अशी कडक!

सिस्टर एवढंच म्हणाल्या, "गुरुवारी संस्थेचे फादर गोम्स येतायत. चित्रकलेचा तास ठेवायचा की त्या जागी कॉम्प्युटर आणायचा, ते तेच ठरवणार. गोठा नीट दिसला पाहिजे."

म्हणजे गोठा पडला की वृषालीही पडली! कोलकात्यात येऊन दोन वर्षं तिने शाळांचे उंबरठे झिजवले होते. नवरा अजिंक्य न्यू टाउनच्या ऑफिसात रमला होता, आणि ती घरात कुंड्यांशी गप्पा मारत बसायची. या शाळेतल्या चाळीस चिखलभरल्या हातांनी तिला पुन्हा माणसात आणलं होतं. ही नोकरी तिला हवीच होती!

मुलांनी मात्र कमाल केली. जोसेफला जरा ढेरी आली, एका राजाचा उंट कुत्र्यावर गेला, पण बाळ असं गोड उतरलं की बुधवारी सकाळी ते गवतावर ठेवताना वृषालीचे डोळे भरून आले. मुलं माती मळत असताना तिने त्यांना आपल्या गणपतीच्या गोष्टीही सांगितल्या होत्या. कुणाकडे दीड दिवस, कुणाकडे पाच, कुणाकडे दहा. मग बादलीत विसर्जन, आणि ते पाणी झाडांना. मुलं कान देऊन ऐकत होती. फारच कान देऊन ऐकत होती, हे तिला नंतर कळलं.

गुरुवारी दुपारी फादरांची गाडी फाटकाशी आली, आणि सिस्टरांनी वृषालीला गुच्छ घेऊन बोलावलं. ती गेली, गुच्छ सिस्टरांच्या हाती कोंबून धावत परत आली, तो वर्गातून एकच गजर!

"आशछे बछोर आबार होबे!"

पुढच्या वर्षी पुन्हा! दुर्गापूजेच्या विसर्जनाची ही आरोळी कोलकात्याचं शेंबडं पोरही ओळखतं. पण डिसेंबरात? मुलं ब्रश धुवायच्या निळ्या बादलीभोवती हात जोडून उभी होती. गव्हाणी रिकामी! बादलीत गढूळ पाणी, त्यावर दोन बुडबुडे.

"तितिर! काय केलंस हे?"

वर्गाची मॉनिटर तितिर अभिमानाने म्हणाली, "मिस, दीड दिवस झाला ना!"

"अगं, पण..."

"मेरी आणि जोसेफ पाचव्या दिवशी. राजे दहाव्या. मी सगळ्यांना वाटून दिलंय, भांडण नको म्हणून."

जिन्यावर पावलं वाजली. वृषालीने बादलीत हात घातला. चिखल! तिने दुसरा गोळा वळला, तर बटाटा झाला. मग एक मेंढी उचलून रुमालात गुंडाळली, तर रुमालातून चार पाय बाहेर! तिने मेंढी परत ठेवली, बादली टेबलाखाली सरकवली आणि ओले हात पदरामागे लपवले. तेवढ्यात दार उघडलं.

फादर गोम्स गोठ्यापुढे वाकले. जोसेफची ढेरी पाहिली, उंट पाहिला. मग रिकाम्या गवतावर त्यांची नजर थांबली. सिस्टरांचा चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला. संपलं सगळं, उद्यापासून पुन्हा कुंड्या!

"वा!" फादर म्हणाले. "वा, वा! बाळ चोवीसच्या रात्रीच ठेवायचं, ही जुनी रीत. हल्ली सगळे आधीच ठेवून मोकळे होतात. सिस्टर, हे कुणाला सुचलं?"

"आमच्या वृषाली मिसना," सिस्टर क्षणात सावरून म्हणाल्या.

"मग चित्रकला बंद करायचा प्रश्नच नाही!"

वृषालीला तिथेच फुगडी घालावीशी वाटली. देव पावला! कुठला, ते नंतर बघू!

"चोवीसला मी स्वतः येईन," फादर म्हणाले. "माझ्या हाताने बाळ ठेवीन. कुठे आहे? बघू तरी!"

"ते... वाळतंय, फादर."

"नाही मिस," तितिर म्हणाली. खोटं बोलू नये, हे सकाळच्या प्रार्थनेतच सांगितलेलं होतं. तिने टेबलाखालून दोन्ही हातांनी बादली ओढली आणि फादरांच्या बुटांशी आणून ठेवली. "इथे आहे."

फादरांनी बादलीत पाहिलं. सिस्टरांनी छातीवर क्रूसाची खूण केली. तितिरने मग दीड दिवसाचा हिशेब राजांसकट समजावून सांगितला. वृषालीने डोळे मिटून घेतले.

"आणि असा निरोप देताना वाईट नाही वाटलं?" फादरांनी विचारलं.

"वाटलं. रोहन तर रडला. पण तो परत येतो ना!"

फादरांचे खांदे हलू लागले, आणि हसता हसता त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. "सिस्टर, तो परत येतो हे मी आयुष्यभर सांगत आलो. पण इतकं कुणाला पटलेलं आजवर पाहिलं नव्हतं. या बाईंना कुठेही जाऊ देऊ नका!"

वृषालीला रडूच आलं. मुलं तिला बिलगली, आणि चिखलाचे पंजे साडीभर उमटले. फादर बादलीतलं पाणी स्वतः तुळशीला, म्हणजे शाळेत तुळस नव्हती म्हणून झेंडूला, घालून गेले.

गाडी फाटकाबाहेर पडताच सिस्टर वृषालीकडे वळल्या.

"अभिनंदन. नोकरी पक्की. चोवीसला नवं बाळ हवं."

"हो सिस्टर! आजच माती भिजवते."

"माती नाही," सिस्टर थंडपणे म्हणाल्या. "प्लास्टर. पाण्यात टाकून मी स्वतः तपासणार आहे."

संध्याकाळी वृषालीने तीनदा नंबर लावला आणि तीनदा कापला. चौथ्यांदा मात्र पलीकडून फोन उचलला गेला.

"मीनाकाकू," ती अगदी मऊ आवाजात म्हणाली, "तुमचं ते प्लास्टर हो... कुठे मिळतं?"